मास्तर कोणत्या हाताला बांधायचे

लातूरला माझ्या भाचीचं लग्न होतं. अक्षता पडल्या होत्या, पंगत बसली होती आणि माझ्या पानावर नुकताच शिऱ्याचा डोंगर रचला गेला होता, तेवढ्यात मुदखेडहून महानंदाचा फोन आला. महानंदा म्हणजे माझी बायको. लग्न तिच्याही घरचंच, पण आमच्या आजारी शेजाऱ्याला सांभाळायला ती मागं राहिली होती. पंगतीतल्या गोंगाटात मी कानात बोट घालून ऐकत होतो.

"आवं, मास्तरभाऊ गेले."

"कुठं गेले?" मी खेकसलो. "पाय उचलत न्हाई त्यांचा, जातील कुठं?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला... आणि मला कळलं, कुठं गेले ते. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही, संताप आला. आदल्या दिवशी याच माणसानं वाकड्या तोंडानं मला भरवसा दिला होता, "जा आप्पा, बिनघोर जा. उद्या शनिवार हाय. शनिवारी बांधायचं नसतं. तुझं कामच न्हाई." मी बिनघोर गेलो आणि माझी पाठ वळल्याबरोबर यांनी गाडी सोडली. पस्तीस वर्षं ज्यांनी एकही गाडी वेळेवर येऊ दिली नाही, त्यांना नेमकी हीच वेळेवर सोडायची होती.

मास्तर म्हणजे एलिजा आवासकर, मुदखेड जंक्शनचे निवृत्त स्टेशन मास्तर. जातीधर्मानं ज्यू. मूळचे समुद्राकाठचे, कुलाब्याकडचे. त्यांचे वाडवडील तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून तिकडं त्यांना शनवार तेली म्हणत. मुदखेडात यहुदी म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही जण त्यांना पारशी समजत, काही जण मद्रासी. एका म्हातारीनं तर शेवटपर्यंत त्यांना जैन मानलं आणि चातुर्मासात ती त्यांना कांदा न घातलेली भाजी पाठवायची. मास्तर ती मुकाट्यानं खायचे, वर माझ्याकडं येऊन कांदा मागायचे. निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच गेलेली, मुलगी रूथ पुण्याला नोकरीत. तरी हा माणूस पुण्याला जाईल तर शपथ. माझ्या कापडदुकानामागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या आणि माझ्या सुखाचा अंत झाला.

आमची ओळख झाली तेव्हा मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. सुरतेहून कापडाच्या गाठी यायच्या होत्या म्हणून भल्या सकाळी स्टेशनावर गेलो, तर क्वार्टरच्या व्हरांड्यात नवे मास्तर उभे. अंगावर झालरीची पांढरी शाल, डाव्या हाताला दंडापासून बोटापर्यंत काळा चामडी पट्टा गुंडाळलेला आणि कपाळाच्या वर, ऐन केसांच्या मुळाशी, काळी चौकोनी डबी. मी हमालाला विचारलं, "साहेबाला काय झालंय?"

"बीपी चेक करून राहिले."

"डोक्यावर?"

"मोठे साहेब हायत वो. त्यांचं डोक्याचं पण असतंय."

हळूहळू गावात पक्कं झालं की ती डबी रेल्वेनं दिलेलं यंत्र असून तिच्यात गाडी किती लेट आहे ते मास्तरला ऐकू येतं. लोक सकाळी सकाळी व्हरांड्यासमोर जमायचे. "साहेब, नांदेडची गाडी किती लेट?" आता यातली मेख अशी की त्यांच्यात दंडावर पट्ट्याखाली अशीच आणखी एक डबी असते, ती बांधल्यापासून डोक्यावरची बांधेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नसतो. मास्तर बिचारे बोलू शकायचे नाहीत, मग चिडून हाताचा पंजा हालवायचे, म्हणजे चालते व्हा. लोक म्हणायचे, "पाच घंटे!" आणि आरामात घरी जाऊन पडायचे. एकदा एक अख्खं वऱ्हाड असं घरी परत गेलं, गाडी वेळेवर आली आणि नवरदेव एकटाच भोकरला पोचला. नवरीकडच्यांनी विचारलं, वऱ्हाड कुठाय, तर तो म्हणाला, पाच घंटे लेट आहे. हे मी थोडं वाढवून सांगतो असं महानंदाचं म्हणणं आहे. ती त्या वऱ्हाडात नव्हती.

हे सगळं काय आहे, हे मास्तरांनी मला एकदा फलाटावरच्या बाकावर बसवून सांगितलं. डोक्यावरची गोल टोपी म्हणजे किप्पा: आपल्या वर कुणीतरी आहे, एवढं ध्यानात राहावं म्हणून. शाल म्हणजे तालीत. तिच्या चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोऱ्यांचे गोंडे असतात. ते पाहायचे आणि देवाच्या आज्ञा आठवायच्या. आणि त्या दोन काळ्या डब्या म्हणजे तेफिलिन. आत चामड्यावर हातानं लिहिलेली त्यांच्या शास्त्रातली वचनं. एक डबी दंडावर, काळजाच्या बाजूला वळवून, एक डोक्यावर. म्हणजे हात, काळीज आणि मेंदू, तिघांनाही एकाच दाव्याला बांधायचं. शेवटी पट्ट्याचे वेढे मधल्या बोटाला घालायचे आणि तेव्हा जे शब्द म्हणायचे ते चक्क साखरपुड्याचे, देवाशी वाग्दान केल्याचे.

"म्हणजे रोज सकाळी साखरपुडा?" मी विचारलं.

"रोज. शनिवार सोडून."

"आणि लग्न कधी?"

"तू कापड वीक," ते म्हणाले.

मी लिंगायत. इष्टलिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत, लहानपणापासून. रोज सकाळी विभूती लावून ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची, एवढा सुटसुटीत कारभार. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, रोज उठून एवढी बांधाबांध करण्यापरीस आमच्यासारखं करा की. कायम गळ्यात. बांधायचं न्हाई, सोडायचं न्हाई, इसरायचं न्हाई."

"कायम असतं म्हणूनच तुला आठवत नाही," मास्तर म्हणाले. "मला रोज बांधावं लागतं म्हणून आठवतं."

या बोलण्यानं माझा आठवडा खराब झाला होता. माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, वर हे! महानंदाला मात्र त्यांचं सगळं पटायचं. गोंड्यांचं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग आम्ही पदराला गाठ मारतो तसंच की. इसरू न्हाई म्हणून."

"अगदी तसंच, वहिनी."

"मग काल दही आणायचं कसं काय इसरले?"

"दह्याची गाठ नसते त्यात," मास्तर म्हणाले.

कापडाच्या बाबतीत तर त्यांनी माझा छळ मांडला होता. लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाचा धागा, एका कापडात विणलेलं अंगावर घालायचं नाही, असा त्यांच्यात नियम. एकदा मी त्यांना चांगल्या मनानं थंडीचा कोट दाखवला, तर यांनी आतल्या अस्तराचा धागा ओढून काढला, काडी पेटवली आणि भर दुकानात तो जाळून वास घेऊन पाहिला. समोर बसलेल्या इस्लापूरच्या गिऱ्हाइकांनी लग्नाचा अख्खा बस्ता बांधायला लावला होता. इथं दुकानातच माल जाळून बघतात म्हटल्यावर ते उठले आणि गेले ते समोरच्या दुकानात. मी काही बोलणार, तर मास्तर समाधानानं म्हणाले, "नुसती लोकर आहे. चालेल." घेतला मात्र नाही.

तरी इथवर सगळं सहन करण्याजोगं होतं. खरी आपत्ती आली ती पुण्यातल्या एका नातलगाच्या लग्नानंतर. मास्तर तिकडं गेले होते ठणठणीत आणि परत आले ते चेहरा पाडून, थेट दुकानात. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसले, पाणीही घेतलं नाही. तिथं त्यांचा कुणी चुलतभाऊ भेटला होता, डॅनियल नावाचा. सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यानं मास्तरांना डाव्या हातानं काहीतरी करताना पाहिलं आणि सहज म्हणाला, "अरे एलिजा, तू तर डावखुरा. डावखुऱ्यानं उजव्या हाताला बांधायचं असतं. ज्या हातात जोर कमी, त्या हाताला." एवढं बोलून तो जेवायला गेला. आणि मास्तरांना रेल्वेचा डबा अंगावरून जावा तसं झालं.

कारण मास्तर जन्माचे डावखुरे होते, पण शाळेत गुरुजींनी पट्टीनं डाव्या हाताची बोटं फोडून काढून त्यांना उजव्या हातानं लिहायला लावलं होतं. सही उजव्या हाताची. जेवण उजव्याचं, कारण डाव्या हातानं जेवलेलं आपल्याकडं कुणाला चालतं? पण कुत्र्याला दगड मारायचा तर डाव्यानं. कुलूप डाव्यानं. आंबा कापायचा तर डाव्यानं. गाडीला हिरवी झेंडी दाखवायची ती डाव्या हातानं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग माणूस डावा की उजवा? आणि तेराव्या वर्षापासून रोज डाव्या दंडाला बांधलं, ते बरोबर की चूक?

"कुणाला तरी इचारा की जाणत्याला," मी म्हणालो.

"विचारलं. फोन केला. एकानं सांगितलं, लिहितोस तो हात जोराचा धर. दुसऱ्यानं सांगितलं, जन्माला आलास तो हात धर."

"मग तिसऱ्याला इचारा."

"तिसऱ्यानं सांगितलं, पहिले दोघं फार मोठे आहेत, मी काय सांगू."

इथून पुढं कित्येक महिने मुदखेडच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. मास्तर गुपचूप दुःख करणारे असते तर मी काही म्हणालो नसतो, पण हा माणूस रोज दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "आप्पा, काल मी पाण्याचा तांब्या कोणत्या हातानं उचलला?" लोकांनी नजर ठेवायला सुरुवात केली. सलूनवाला सांगायचा, मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान डाव्यानं उलटलं. पानवाला म्हणायचा, डास मारला तो उजव्यानं. आठवडी बाजाराच्या दिवशी मी शेवटी वैतागून एक कलिंगड आणि सुरी त्यांच्यापुढं ठेवली आणि म्हणालो, कापा, काय तो एकदाचा निकाल लागू द्या. भोवती ही गर्दी! मास्तरांनी सुरी डाव्या हातात घेतली, कलिंगडाला लावली, क्षणभर गर्दीकडं पाहिलं, सुरी उजव्या हातात घेतली... आणि मग कलिंगड खाली ठेवून निघून गेले. गर्दीनं कलिंगड खाल्लं. निकाल लागला नाही.

मग त्यांनी आलटून पालटून बांधायला सुरुवात केली. उजव्या दंडावर डबी बसेना, घसरून कोपराला यायची. वेढे उलटसुलट पडायचे. सगळं आटपून नाश्त्याला यायला त्यांना उशीर व्हायचा आणि नाश्ता माझ्या घरी असल्यामुळं मलाही. महानंदा म्हणाली, "मास्तरभाऊ, दोन्ही हात जोडा न् मोकळे व्हा. देवाला काय डावं-उजवं असतंय?"

"वहिनी, हात जोडायचा प्रश्न नाही हो. बांधायचा आहे. बांधणं चुकलं तर..."

त्या दिवशी मी जरा जास्तच चिडलो होतो. म्हणालो, "मास्तर, चुकलं तर चुकलं! एवढी वर्षं तुमचा देव रोज बघून राहिला, त्याला गैरसोय वाटली असती तर त्यानं एखादा इंजिन ड्रायव्हर धाडून निरोप दिला असता. आता आम्हाला जगू द्या."

मास्तर ताटलीतला सुशीला, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा उपमा, चमच्यानं ढोसत बसले. मग म्हणाले, "पहिल्यांदा बाबांनी बांधलं होतं मला. गावच्या घरी, ओट्यावर. मी डावखुरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. गुरुजींनी फोडलेल्या बोटांना त्यांनीच तेल लावलं होतं. तरी त्यांनी डावा हात पुढं ओढला. त्यांना नियम माहीत नसेल, किंवा चारचौघांसारखं दिसावं म्हणून असेल. आप्पा, आता मी हात बदलला, तर माझ्या बाबांना चुकीचं ठरवून बदलला असं होतं. नाही बदलला, तर मी रोज उठून त्यांची चूकच बांधतोय. तूच सांग काय करू."

माझ्या बापानं माझ्या गळ्यात जे बांधलं ते मी कधी उलटसुलट करून पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, सुशीला गार होऊन राहिला, खा. पण तेव्हापासून मी त्यांच्या हाताचा विषय बाजारात निघाला की दुकानाचं शटर निम्मं खाली ओढायला लागलो.

दिवाळीनंतर एका सकाळी मास्तर नाश्त्याला आले नाहीत. मी ठरवलं, आज उजव्याचा वार असणार, घसरत असेल डबी. महानंदा मात्र बघायला गेली आणि तिथूनच ओरडली. मास्तर मोरीच्या उंबऱ्यात पडलेले. नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण उजवी बाजू गेली. हात, पाय, तोंडाची कड, सगळं उजवीकडचं लुळं. रूथ पुण्याहून आली, म्हणाली, बाबा, माझ्याकडं चला. बाबांनी फक्त मान हालवली. नाही म्हणायला त्यांना दोन्ही बाजू लागत नव्हत्या. ती बिचारी रजा संपेपर्यंत राहिली आणि मग मला म्हणाली, "आप्पाकाका, हट्ट करतील ते. तुम्ही ऐकू नका."

ऐकू नका म्हणे! घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी डब्या ठेवायच्या मखमली पिशवीकडं बोट केलं आणि मग माझ्याकडं. तोंडातून शब्द अर्धे बाहेर यायचे, अर्धे उशीवर सांडायचे. मला कळलं तरी मी न कळल्याचं सोंग केलं.

"बांध," मास्तर म्हणाले.

"मी? आवं, मी लिंगायत माणूस. तुमचं सोवळं-ओवळं मला काय ठाव? रूथला इचारा, तुमच्या लोकांना बोलवा पुण्याहून."

"हात... माझा हाय. मंत्र मी म्हणीन. तू फकस्त गुंडाळ."

जन्मभर शुद्ध बोलले आणि तोंड वाकडं झाल्यावर आमची बोली यायला लागली, हेही पाहून घ्या. महानंदानं माझ्याकडं असं पाहिलं की मी हात धुऊन आलो. पण लगेच हात लावू देतील तर ते मास्तर कसले. आधी सराव! दुकानातली मापाची टेप आणायला लावली, ती माझ्याच डाव्या हाताला गुंडाळायला लावली. "वर... खाली... आणखी... घट्ट." माझ्याच हातावर का, म्हणून विचारलं तर म्हणाले, घट्ट म्हणजे किती घट्ट, ते तुला कळलं पाहिजे. दोन दिवस मी गिऱ्हाईक सोडून टेपचे वेढे घालत होतो. समोरच्या दुकानदारानं गावात उठवलं की आप्पाला मुका मार लागलाय.

शेवटी परवानगी मिळाली. टोपी घातली, शाल पांघरवली, गोंडे नीट केले. आणि पिशवीतून डबी काढताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, वादच मिटला होता! ज्या हातात जोर कमी, त्या हाताला बांधायचं. आता उजव्यात जोर राहिलाच नाही. डावखुरा असो, लिहिता असो, पट्टीनं बदललेला असो. आता उजवा हातच कमजोर, यात देवालाही शंका काढता येणार नाही. अख्ख्या बाजाराला जे जमलं नाही, ते लकव्यानं एका सकाळी करून दाखवलं. मी आनंदानं त्यांचा उजवा हात उचलला, बाही वर सारली.

मास्तरांनी मान हालवली. "डावा."

"आवं मास्तर!" मी ओरडलोच. "तुमचाच कायदा सांगून राहिलो मी. कमजोर हात. हा घ्या कमजोर. याच्याहून कमजोर कुठून आणू?"

"आप्पा," ते म्हणाले. एकेक शब्द जोडायला त्यांना वेळ लागत होता, आणि मी उभा होतो त्यांचा मेलेला हात हातात धरून. "उजव्याला... कळत न्हाई काही. बांधलं काय, न बांधलं काय. डाव्याला कळतंय." त्यांनी डावा हात पुढं केला. "ज्या हाताला कळतंय... त्याला बांध."

मी बांधला. डाव्या दंडाला, डबी काळजाकडं वळवून. डबी पक्की होईपर्यंत बोललेलं चालतं, तेव्हा पट्टा ओढला तर म्हणाले, "अजून." अजून ओढला. कातडी पांढरी पडली. "अजून." मी म्हणालो, रक्त थांबेल मास्तर. तर डोळे मिटून म्हणाले, "बाबांनीबी असंच ओढलं होतं. लई दुखलं होतं..." आणि वाकड्या तोंडानं हसले. त्यानंतर डावा की उजवा, हा प्रश्न त्यांनी काढला नाही. मी काढला. मी म्हणालो, म्हणजे आम्ही एवढे महिने उगाच डोकं फोडत होतो काय? हे तेव्हाच सांगता आलं नसतं? तर म्हणाले, "तेव्हा दोन्हींना कळत होतं."

मग रोजचंच झालं. माझी पूजा मी लवकर उरकायला लागलो. डाव्या तळहातावरचं लिंग डबीत ठेवायचं, विभूतीची बोटं पुसायची, आणि जायचं मागं दुसऱ्या डबीच्या सेवेला. चहा नंतर. दुकान त्याहून नंतर. त्यांची जीभ हिब्रू शब्दांवर अडखळायची, आणि रोज ऐकून ऐकून माझ्या कानाला ते इतके पाठ झाले होते की मीच पुढचा शब्द सांगायचो. अर्थ विचाराल तर एकाचाही माहीत नाही. तरी मुदखेडात हिब्रू सुचवणारा मी एकटा, हे मी लातूरच्या लग्नातसुद्धा चारचौघांना ऐकवलं होतं, शिऱ्याचा डोंगर येईपर्यंत. बोटाला वेढे घालताना, ते साखरपुड्याचे शब्द म्हणताना, मास्तर माझ्याकडं न पाहता छताकडं पाहायचे. मीही छताकडं पाहायचो. दुसऱ्याच्या साखरपुड्यात उगाच मधे कशाला?

आणि मग तो शनिवार आला. बांधायचं नसलेला. मी त्यांना एकदा विचारलं होतं की शनिवारची सुट्टी का, तर म्हणाले होते, शनिवार हीच देवाशी केलेल्या कराराची एक खूण आहे, खुणेवर खूण कशाला. रूथ पुण्याहून गाडी करून आली आणि त्याच रात्री त्यांना पुण्याला घेऊन गेली. मी लातूरहून बसनं निघालो आणि रविवारी सकाळी थेट दफनभूमीत पोचलो, लग्नातल्याच कपड्यांत, खिशात विड्याची सुपारी.

मुदखेडात मास्तर एकटेच प्रार्थना करायचे, कारण काही प्रार्थनांना दहा पुरुष लागतात आणि तिथं ते मिळणं शक्य नव्हतं. इथं बघतो तर वीस-पंचवीस जण टोप्या घालून उभे! मला इतका राग आला. कुठं होता रे तुम्ही? त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मास्तरांना पांढऱ्या कफनावरून तीच ती शाल पांघरवली. मग कात्री घेतली आणि एका कोपऱ्याचा गोंडा कापून टाकला. माझ्यातला कापडवाला कळवळला. मी म्हणालो, काय करता हे? ते शांतपणे म्हणाले, गोंडे आज्ञा आठवायला असतात. गेलेल्याला आता आज्ञा नाहीत. तो सुटला.

"आणि त्या डब्या?" मी विचारलं. "त्या न्हाई बांधायच्या?"

"नाही. त्या जिवंतांच्या. मागं राहतात."

मखमली पिशवी रूथच्या हातात होती. जिच्यापायी माझा बाजार उठला, कलिंगड गेलं, ती वस्तू इथंच राहणार आणि हा माणूस मोकळ्या हातांनी जाणार! माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं झाल्यावर, माती लोटल्यावर, मी त्या गृहस्थांना गाठलं आणि एकदाचं विचारून टाकलं: जन्मानं डावखुरा, लिहायला उजवा, त्यानं कुठं बांधायचं? ते खुलले. म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, यावर दोन मतं आहेत...

"मला ठाव हायत दोन्ही," मी म्हणालो. "तिसरं ऐका." आणि मास्तर काय म्हणाले ते त्यांना सांगितलं. ते दाढीवरून हात फिरवत राहिले. रूथ पिशवी उराशी धरून ऐकत होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "असं कुठं लिहिलेलं मी वाचलेलं नाही." मग म्हणाले, "त्यांच्या वडलांनी डाव्याला बांधलं म्हणालात ना? मग पोराला कुठं कळतं ते बापाला ठाऊक असेल." हे त्यांनी मला महिनाभर आधी भेटून सांगायचं ना. मास्तरांना ऐकवलं असतं. पण नाही! सगळे जाणते लोक वेळ निघून गेल्यावर भेटणार.

आता महिना होत आला. मागच्या खोल्या रिकाम्या आहेत. रूथनं पिशवी पुण्याच्या प्रार्थनास्थळात दिली, ज्याला गरज असेल त्यानं वापरावी म्हणून. देण्याआधी तिनं मला पट्टा दाखवला. माझ्या ओढण्यानं त्याला जागोजाग मुरड पडली होती, मास्तरांच्या बारीक झालेल्या हाताच्या मापाची. तेल लावलं की सरळ होईल, असं त्या गृहस्थांनी सांगितलं म्हणे. होऊ दे.

माझी सकाळ मात्र बिघडली ती बिघडलीच. पूजा अजून लवकर आटपते, मोडलेली सवय परत लागत नाही. चहाला वेळ असतो, दुकानाला वेळ असतो, मग मी उगाच शटर लवकर उघडून बसतो. परवा भोकरची एक बाई परकराचं कापड घ्यायला आली. ठाण सोडलं, टेप उचलली आणि कुठं लक्ष गेलं कुणास ठाऊक... ती ओरडली, "ओ आप्पा, कापड मोजता का हात मोजता?" बघतो तर टेप माझ्या डाव्या हाताला मनगटापर्यंत गुंडाळलेली, आणि उजवा हात मधलं बोट शोधतोय. असा वैताग आला! सोडवली, ताणून धरली, मीटर मोजले. बाईनं पुन्हा एकदा मोजायला लावलं, तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. ती गेल्यावर बाही वर करून बघितलं. दंडापासून खाली लाल वळ उठले होते, चांगले खोल, आणि ठणकत होते.

कळतंय हो, मास्तर. कळतंय.